पायथ्याच्या चार विटा

द्वारकाबाईनं नवऱ्याला इतकं जपलं, इतकं जपलं, की माणूस चालायचंच विसरला. आता ह्यात तिला दोष द्यायचा म्हटलं तर जीभ रेटत नाही. पण गेणबा तीन महिने पलंगावरून खाली उतरला नव्हता, आणि मोडलेलं हाड तर कधीच जुळलं होतं. मग घोडं अडलं कुठं?

झालं होतं असं. माघ सरला की उजनीचं पाणी मागं सरकायला लागतं, आणि पळसदेवच्या काठाला ज्याची शेती, त्याला आपली मोटार पाण्याच्या पाठोपाठ खाली न्यावी लागते. आज दहा हात, परवा वीस हात. गेणबा सदुसष्ट वर्षांचा, अंगात साखर, पण मोटार हलवायची म्हटलं की हा सगळ्यांच्या पुढं. थोरला मुलगा लखन म्हणत होता, "आबा, तुमी वर थांबा, गडी हायती की." ऐकेल तो गेणबा कसला! गाळावरनं पाय सटकला, पाइपावर आपटला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, छाती तपासली, आणि हृदय असं अशक्त असताना ऑपरेशन नको म्हणाले. पायाला पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोरी, दोरीला वजन टांगायचं. त्या वजनानं माणूस खाली ओढला जाऊ नये म्हणून पलंगाचा पायथा विटांवर चढवायचा. सहा आठवडे असं झोपवा, मग विटा काढून बसवा, मग हळूहळू चालवा.

द्वारकाबाईनं 'झोपवा' एवढं नीट ऐकलं. 'बसवा' आणि 'चालवा' दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता कुठंतरी सांडले असावेत. घरी आल्यावर तिनं पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा स्वतःच्या हातानं रचल्या, हलवून बघितल्या, आणि पदर खोचून कामाला लागली.

सेवा करावी तर तिनं! सकाळी अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, कुशीला उशी सरकवायची, भाकरी दुधात कुस्करून भरवायची. सून सुकन्या पुढं आली की, "तू भाजीचं बघ, मी हाय हितं," म्हणून तिला माघारी धाडायचं. गेणबानं नुसता पाण्याच्या तांब्याकडं हात नेला तरी ही धावलीच, "अवं, मी देते की!" नव्वद दिवसांत त्याच्या पाठीला एक फोड आला नाही. दवाखान्यात ठेवला असता तरी एवढं झालं नसतं, हे गावातल्या बायका बोलून दाखवायच्या.

एकाच गोष्टीला गेणबा तोंड फिरवायचा, ते म्हणजे भांडं. बायकोनं भांडं सरकवायचं आणि त्यानं भिंतीकडं बघत पडून राहायचं. "द्वारके," तो एकदा म्हणाला, "एक डाव आपल्या पायानं परसाकडं जाऊन येऊ दे मला, मग खुशाल मरतो." तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मरायचं बोलायचं न्हाय," म्हणाली, "अन् लाज कसली? मी काय परकी हाय व्हय?" त्यानं तोंड पुन्हा भिंतीकडं फिरवलं.

सहा आठवडे झाले, दवाखान्याचा माणूस येऊन वजन सोडून गेला. विटा काढा असं तोही म्हणाला होता. पण विटा होत्या म्हणून पायाला सूज नव्हती, आणि गेणबाचा चेहरा कसा छान भरून आला होता. शेजारची नकोशी म्हणालीसुद्धा, "काकू, काकास्नी मानवलंय हो, गाल बघा की कसं वर आल्यात." ते ऐकून द्वारकाबाईला धन्य वाटलं. आपल्या हातच्या दुधभाकरीचे ते गाल, असंच ती समजत होती. मग विटा कशापायी काढायच्या? राहू द्या चार दिवस.

आणि मग तो दिवस आला. लखननं आणि तिनं गेणबाला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. उभं केलं न केलं तोच गेणबा ओरडला, "अगं धरा, धरा! जिमीन वर याय लागलीया!" घर गरगर फिरलं त्याच्या डोळ्यांपुढं, पाय कुठं टेकलेत ते त्याला कळेना, आणि डोळे मिटल्याबरोबर तो कापलेल्या केळीसारखा आडवा झाला. द्वारकाबाईनं त्याच दिवशी ठरवून टाकलं की आता ह्या माणसाला उभं म्हणून करायचं नाही. लखन पुन्हा बारामतीला घेऊन गेला, तर डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम जुळलंय, चालवा. गेणबा मान हलवून नको म्हणाला. भीती बसली, असं लखन म्हणाला. नजर लागली, असं नकोशी म्हणाली, आणि द्वारकाबाईनं लिंबू-मिरच्या उतरून टाकल्या. ते करूनही पलंग सुटला नाही.

ह्या सगळ्यात धाकटी लेक कुठं होती? तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव निकिता, घरात छकुली. सत्तावीस वर्षांची घोडी झाली तरी छकुलीच. बंगळूरला मेंदूवर काहीतरी संशोधन करायची, आणि गेणबा पडला त्याच्या आधी आठच दिवस परदेशात ट्रेनिंगला म्हणून गेली होती. द्वारकाबाईनं तिला फोनवर सांगितलं, "तुझ्या आबांचा पाय मुरगळलाय थोडा. येऊ नको, किरकोळ हाय." पोर एवढ्या लांब, तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा? पण मनातनं मात्र आईला वाटत राहिलं, की हिनं ओळखावं आणि यावं. ती आली नाही. बाप पडला आणि पोरगी आली नाही, हे शल्य द्वारकाबाईनं कुणाला दाखवलं नाही, पण ते होतं. व्हिडिओवर पोर दिसायची ती उशीवरच, गाल टमटमीत. "तितलं पाणी मानवलंय आमच्या छकुलीला," असं द्वारकाबाई चार ठिकाणी सांगत सुटली होती.

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात, भर दुपारी, छकुली न सांगता दारात उभी राहिली. वाळली होती. गाल कुठं गेले कोण जाणे.

"आबा कुठायत?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. बापाला बघून ती दारातच थबकली. मग तिची नजर खाली गेली, पलंगाच्या पायथ्याला. विटांकडं बघत ती मटकन खाली बसली. पिशवीतनं फोन काढला, पलंगाच्या लोखंडी पट्टीवर आडवा ठेवला आणि त्यात काहीतरी बघितलं.

"सहा," ती म्हणाली. "आई, बरोब्बर सहा अंश."

"काय सहा?" द्वारकाबाईला वाटलं, ताप बघतेय की काय.

छकुली आधी हसली आणि मग हसता हसता रडायला लागली. द्वारकाबाई घाबरली. गेणबा पलंगावरनं म्हणाला, "काय झालं तुला? मी जित्ता हाय अजून." तेव्हा कुठं पोरीनं डोळे पुसले आणि बापाच्या उशापाशी बसून खरं काय ते सांगायला घेतलं.

ट्रेनिंग नव्हतंच. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत ती साठ दिवस पलंगावर पडून होती, स्वतःच्या मर्जीनं. पलंगाचा पायथा वर, डोकं खाली, सहा अंश. जेवायचं पडून, आंघोळ पडून, सगळं पडून. तिच्यासारखे अकराजण होते.

"पर कशापायी गं बाई?" द्वारकाबाईनं कपाळाला हात लावला. "चांगलं चालतं-फिरतं माणूस असं पडतंय व्हय?"

"अंतराळात माणसं जातात ना, आई. तिथं वजन नसतं. कानाच्या आत, पार खोल, पिठाएवढे बारीक खडे असतात आपल्या. डोकं कलंडलं की ते कलंडतात, आणि त्यावरनं मेंदूला कळतं खाली कुठं आणि वर कुठं. तळपायाला भार लागतो, त्यावरनंही कळतं. वजनच नाही म्हटल्यावर हे सगळे गप्प होतात. मग मेंदू म्हणतो, बरं, ह्यांचं ऐकायचं सोडा, नुसत्या डोळ्यांवर चालू द्या. आणि तो सवय करून घेतो. माणूस परत जमिनीवर आला की पंचाईत. इथं तर पृथ्वीची ओढ घालवता येत नाही, म्हणून माणसाला असं कलतं झोपवतात. रक्त डोक्याकडं येतं, तोंड सुजतं, तळपायावर काही भार नाही. शरीराला अंतराळात गेल्यासारखंच वाटायला लागतं. मग काय काय बिघडतं ते मोजायचं, आणि परत कसं बसवायचं ते शोधायचं."

गेणबा मन लावून ऐकत होता. तीन महिन्यांत त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा मिश्कीलपणा आला. "म्हंजी मी अंतराळात जाऊन आलो म्हन की! त्ये बी तिकीट न काढता."

"आलात कुठं आबा? अजून वरच आहात. उतरायचं राहिलंय."

"मग जिमीन वर आल्यासारखी वाटली, त्ये भ्या न्हवतं?"

"नाही. भित्रे असता तर गाळात कशाला उतरला असता? मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्यांदा उभी केली तेव्हा मी ओरडले. वळायला गेले तर दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. दोन दिवस वाटत होतं, फरशी मऊ आहे."

गेणबानं डोळे मिटून घेतले. आपल्याला वेड लागलं नाही, आपण भेकडही झालो नाही, एवढं कळल्यावर म्हाताऱ्याला केवढा धीर आला असेल! त्यानं लेकीच्या डोक्यावरनं हात फिरवला.

द्वारकाबाई मात्र उठून मागल्या अंगणात गेली. हौदापाशी उभी राहिली. नळ सोडला, भांडी नव्हतीच तरी हात धूत राहिली. छकुली पाठोपाठ आली.

"तोंड सुजतं म्हनलीस," द्वारकाबाई तिच्याकडं न बघता म्हणाली. "म्हंजी ती सूज व्हती. मी आपली दूधभाकर अंगी लागली म्हनून गावभर सांगत सुटले. ह्यांचं बी अन् तुझं बी."

"आई..."

"खरं सांग. ह्यांचं हे मी केलं का?"

पोरीनं खोटं सांगितलं असतं तर आईला ते कळलं असतं. छकुलीनं खोटं सांगितलं नाही. "विटा सहा आठवड्यांनी काढायच्या होत्या. त्या राहिल्या, म्हणून चक्कर आली. चक्कर आल्यावर थोडं थोडं बसवायला हवं होतं, ते तू पुन्हा झोपवलंस. हो, हे तुझ्यानं झालं. पण आई, ह्या वयाचं माणूस तीन महिने पडून आहे आणि पाठीला एक जखम नाही, हेही तुझ्यानंच झालंय. मी तिथं बघितलंय, बारा माणसं असतात एकेकाला बघायला."

तेव्हा द्वारकाबाईला हुंदका आवरेना. "अन् तू गं? बाप पडला अन् तू आली न्हाईस."

"तू म्हणालीस पाय मुरगळलाय."

"तू म्हनलीस ट्रेनिंग हाय."

मायलेकी एकाच मातीच्या, दुसरं काय! द्वारकाबाईनं ओल्या हातानं लेकीचे गाल चाचपून बघितले, दोन्ही बाजूंनी, आणि म्हणाली, "वाळलीस."

त्याच संध्याकाळी वरच्या दोन विटा निघाल्या, आणि तिसऱ्या दिवशी खालच्या. मग बसणं सुरू झालं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं झाली, की गेणबाला मळमळायला लागायचं आणि द्वारकाबाई उशी सारखी करायला पुढं व्हायची. "बास, बास, निजवा," ती म्हणायची. छकुली घड्याळ बघून म्हणायची, "अजून एक मिनिट." एका घमेल्यात वाळू आणि एकात बारीक खडी आणून गेणबाचे तळपाय त्यात टेकवायचे. तळपायांना बोलतं करायचं, असं छकुली म्हणायची. गेणबा म्हणायचा, "माझं पाय बोलत्यात का न्हाय त्ये म्हाईत न्हाय, पर गुदगुल्या व्हत्यात." गुदगुल्या झाल्या ह्याचा छकुलीला कोण आनंद!

उभं राहणंही आलं. वॉकर अजून आणायचा होता, म्हणून पलंगाची दांडी धरून उभं राहायचं आणि द्वारकाबाईनं कोपर धरायचं. तीन दिवसांत गेणबा डुलेना, ओरडेना. द्वारकाबाईला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात छकुली म्हणाली, "आई, आता फक्त एक बोट लाव कोपराला. जोर लावू नको." तिनं एक बोट लावलं. गेणबा ताठ उभा. "आता बोट काढ." बोट काढलं आणि गेणबा वाऱ्यावर डुलणाऱ्या कणसासारखा मागं-पुढं हलायला लागला. द्वारकाबाईनं झडप घालून पुन्हा धरलं.

"बघितलंस?" छकुली म्हणाली. "एका बोटानं तू काय वजन उचललंस त्यांचं? काही नाही. पण मेंदू त्या बोटावर विसंबला. तू धरलंस की आबांचा मेंदू तुझ्या हाताचं ऐकतो. पायांचं ऐकतच नाही, कानाचं ऐकत नाही. तुझा हात सुटला तरच तो ह्यांचं ऐकायला लागेल."

"अन् पडले तर?"

"मी शेजारी आहे. पण थोडं डुलायला पाहिजे, आई. डुललं, चुकलं, की मेंदू दुरुस्ती करतो. चुकू दिलं नाही तर तो कशाला शिकेल?"

बोलायला काय जातं? ज्या हातानं तीन महिने घास भरवला, पाठ चोळली, तो हात मागं घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेणबानं दांडी सोडून दोन पावलं टाकली, तिसऱ्याला तो कलला. छकुली हात पुढं करून उभीच होती. पण द्वारकाबाईला कुठला धीर? ती अशी काही धावली की नवऱ्याच्या अंगावर जाऊन आदळली, आणि दोघंही नवरा-बायको पलंगावर आडवे. गेणबा खो खो हसायला लागला. "लगीन झालं तवा बी एवढ्या जोरात आली न्हाईस." छकुलीही हसली. द्वारकाबाईच्या मात्र काही केल्या तो गाळावरनं सटकलेला पाय डोळ्यांपुढनं हलेना.

दुपारी लखन आणि छकुली वॉकर आणायला इंदापूरला गेले. सुकन्या शेतात. घरात ही दोघंच. आणि बघा माणसाचं मन कसं असतं! द्वारकाबाई बाहेर गेली, कुंपणाशी टाकलेल्या विटांमधल्या दोन उचलल्या आणि पदराआड धरून आत आली. गेणबा जागाच होता.

"काय गं ते?"

"आजच्यापुरतं," ती म्हणाली. "सूज उतरंल पायाची. आज लई ताण झालाय तुमास्नी." आणि वाकून ती खूर उचलायला लागली.

"द्वारके, ठेव त्या."

ती थांबली. तो ओरडला नव्हता, उलट फार हळू बोलला होता.

"हितं बस," तो म्हणाला. ती पलंगाच्या कडेला बसली. "तू माझं लई केलंस. कुणाची बायको करनार न्हाय एवढं केलंस. मी भिंतीकडं तोंड करून रडायचो, त्ये तुला म्हाईत हाय का?"

तिला माहीत नव्हतं. ती भांडं घेऊन तेवढ्यात बाहेर जायची.

"दुखतंय म्हनून न्हवं. मला वाटायचं, तू माझी बायको व्हतीस, आता आया झालीस. माझं लेकरू झालं तुझ्या हातात. मला त्ये नगं. पडलो तर पडंन. तू फकस्त धरू नगंस."

"पडून पुन्यांदा मोडलं तर?" ती म्हणाली. "पानी तुमास्नी घेऊन गेलं असतं तवा. लखननं उचलून आनलं तवा तुमी पांढरंफटक व्हता. मी काय केलं असतं तुमच्याबगर? सांगा की. काय केलं असतं?"

चाळीस वर्षांच्या संसारात हे ती कधी बोलली नव्हती. गेणबानं नुसता तिचा हात हातात घेतला आणि दोघं तशीच बसून राहिली. बाहेर बोअरची मोटार चालू झाली, बंद झाली. मग तिनं नाक पुसलं, उठून त्या दोन विटा उचलल्या आणि पुन्हा कुंपणापाशी नेऊन टाकल्या. ह्या वेळी त्यांतली एक फुटली, आणि तिनं ती फुटू दिली.

त्यानंतर बारा दिवस गेले. ते सगळे काही सरळ गेले नाहीत. एका दिवशी गेणबाला इतकी चक्कर आली की त्यानं छकुलीच्या प्रयोगशाळेचा उद्धार केला. एकदा वॉकरसकट भिंतीला टेकला. पण पावलं वाढत गेली. अंगण अर्धं झालं, मग पाऊण. अंगणाच्या पलीकडं संडास होता, पलंगापासनं मोजून एकवीस पावलं. लखननं त्यात धरायला पाइप ठोकून दिला. ह्या बारा दिवसांत द्वारकाबाई त्याच्या दोन हात मागनं चालायची, हात पुढं करायची आणि आपणच मागं ओढून घ्यायची. असं दिवसात शंभर वेळा.

तेराव्या दिवशी सकाळी छकुलीनं आईपुढं गवारीची पाटी ठेवली. "आज तू निवडत बस. आबा एकटे जाणार आहेत."

"एकटं कसं?"

"वॉकर आहे. मी दारात उभी आहे. तू बस."

गेणबानं वॉकर पुढं टाकला. एक पाऊल. दुसरं. द्वारकाबाई गवारीच्या शेंगा मोडत होती, पण एकही शेंग निवडत नव्हती, नुसते तुकडे पडत होते. सातव्या पावलाला तो डावीकडं कलला. तिच्या मांडीवरची पाटी घसरली. तो थांबला, थोडा डुलला, आणि आपला आपण सरळ झाला. कुणी धरलं नव्हतं. कुणी नाही. द्वारकाबाईनं तोंडाला पदर लावला. पुढची चौदा पावलं तिनं श्वास घेतला की नाही हे तिला सांगता येणार नाही. तो पोचला, आत गेला, दार लोटलं आणि आतनं खटकन आवाज आला.

"अगं बया! कडी लावली ह्यांनी!" द्वारकाबाई पाटी टाकून पळतच दाराशी गेली. छकुली दुरनं हातानं खुणा करत होती, मागं ये, मागं ये. पण ती दाराला कान लावून उभी.

आतनं गेणबाचा आवाज आला, "कोन हाय भाईर?"

"कुनी न्हाय," द्वारकाबाई म्हणाली.

"तू हायस."

"न्हाय. मी न्हाय हितं."

मग गेणबा म्हणाला, "द्वारके, जा की गं."

त्या आवाजात राग नव्हता, आर्जव होतं. तिनं दाराला लावलेला तळहात काढला. मग ती वळली आणि चालायला लागली. मागं बघायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. एकवीस पावलं तिनंही मोजली. पायरीवर जाऊन बसली, दाराकडं पाठ करून. छकुली तिच्यापासनं लांब, चिंचेखाली उभी राहिली.

बराच वेळ गेला. कडी निघाली. वॉकर टेकल्याचा आवाज, मग पाऊल. पुन्हा वॉकर, पुन्हा पाऊल. एकदा आवाज थांबला. द्वारकाबाईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आवाज पुन्हा सुरू झाला, जवळ आला आणि तिच्या शेजारी येऊन थांबला.

"चा टाक," गेणबा म्हणाला. धापा टाकत होता, पण स्वर जुनाच होता, शेतातनं आल्यावरचा. "अशी बसलीस काय?"

ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. तीन महिने जी बाई रात्रंदिवस उभी होती, तिच्या पायांत आता त्राण म्हणून उरलं नाही. ती तिथंच बसून रडायला लागली, अगदी मोठ्यानं, शेजारी नकोशीला ऐकू जाईल असं.

गेणबानं एक हात वॉकरवर घट्ट ठेवला, पाय नीट रोवले आणि दुसरा हात तिच्यापुढं केला. "ऊठ," म्हणाला. "धर."

द्वारकाबाईनं त्या हाताकडं बघितलं. दुसरा हात पायरीला टेकून ती आपल्या बळावर उठली. गेणबाच्या हातावर तिनं भार टाकला नाही, पण हात मात्र घट्ट धरला, आणि चहा टाकायचा राहिला तरी बराच वेळ सोडला नाही.